तळाच्या दोन संघांची लढत: कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा हॉकी सामना पाहण्याआधीची तयारी

हंगामाचे वेळापत्रक जाहीर झाले की बर्फावरच्या हॉकीचा चाहता सर्वांत आधी कट्टर प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या सामन्यांच्या तारखा शोधतो. प्रत्यक्षात ती तारीख उजाडते तेव्हा कधी कधी दोन्ही संघ गुणतक्त्याच्या तळाशी रुतलेले असतात, प्रशिक्षकाची खुर्ची डळमळत असते आणि समालोचकांना सामन्याचे महत्त्व पटवून देताना शब्द शोधावे लागतात. अशा सामन्याकडे पाठ फिरवणे सोपे आहे. परंतु दुबळ्या संघांच्या लढतीत चुका अधिक होतात, घेतलेली आघाडी टिकत नाही आणि जुने वैर मात्र तसेच असते. त्यामुळे हा सामना रसाने पाहायचा असेल, तर बलाढ्य संघांच्या सामन्यापेक्षा थोडी अधिक पूर्वतयारी करावी लागते. पुढील सर्व विवेचन उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, हिला धरून केलेले आहे.

पहिले काम गुणतक्ता नीट वाचण्याचे. लीगमध्ये ३२ संघ आहेत. चार विभागांतील प्रत्येकी पहिले तीन संघ आणि दोन्ही परिषदांतून (पूर्व व पश्चिम या लीगच्या दोन गटांतून) प्रत्येकी दोन ‘वाइल्ड कार्ड’, म्हणजे उरलेल्यांतील सर्वाधिक गुणांचे, संघ असे एकूण १६ संघ बाद फेरीत जातात. विजयाला २ गुण मिळतात, नियमित ६० मिनिटांत हरल्यास काहीच मिळत नाही, आणि जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये, म्हणजे एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर एकट्याने केलेल्या प्रयत्नांत, हरल्यास १ गुण मिळतो. हरणाऱ्याच्या पदरात पडणारा हा एक गुण फार फसवा असतो. आपला संघ वाइल्ड कार्डपासून सहा गुणांनी मागे आहे, म्हणजे तीन विजयांचे काम आहे, असे वरकरणी वाटते. पण पुढे असलेले चार-पाच संघही हरता हरता एकेक गुण गोळा करत असतात आणि त्या सगळ्यांना एकाच वेळी मागे टाकावे लागते. म्हणून केवळ गुणांचे अंतर न पाहता मधे किती संघ आहेत, कोणाचे किती सामने शिल्लक आहेत आणि नियमित वेळेत कोणी किती विजय मिळवले आहेत, हेही पाहावे. गुण समान झाल्यास नियमित वेळेतील विजयांची संख्या निर्णायक ठरते. एवढे पाहिल्यावर आपला संघ ‘अडचणीत पण जिवंत’ आहे की ‘हिशेबापुरता जिवंत’ आहे, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे, कारण पुढचा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे.

संघ अजून स्पर्धेत असेल, तर प्रश्नच उरत नाही. एकाच विभागातील प्रतिस्पर्ध्याला नियमित वेळेत हरवले, तर आपल्याला दोन गुण मिळतात आणि त्याला मिळू शकणारे दोन गुण हुकतात. चाहते याला ‘चार गुणांचा सामना’ म्हणतात. तोच सामना जादा वेळेत गेला, तर जिंकूनही प्रतिस्पर्ध्याच्या झोळीत एक गुण टाकावा लागतो.

संघ स्पर्धेतून जवळपास बाहेर फेकला गेला असेल, तर मात्र खरी घालमेल सुरू होते. तळाच्या संघांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक असते. मग आपण हरावे, असे वाटू द्यायचे का? आणि तेही नेमके त्या संघाकडून?

या प्रश्नाचे उत्तर भावनेने देण्याआधी नियम समजून घ्यावेत. १९८३-८४ च्या हंगामात पिट्सबर्ग पेंग्विन्स ३८ गुणांसह शेवटचा आला आणि न्यू जर्सी डेव्हिल्स ४१ गुणांसह त्याच्या जरा वर राहिला. तेव्हा शेवटच्या संघाला थेट पहिली निवड मिळत असे, आणि त्या निवडीने पिट्सबर्गला पुढे महान ठरलेला मारियो लेम्यू मिळाला. तीन गुणांच्या त्या फरकाने पुढच्या अनेक वर्षांचा इतिहास ठरवला. त्या काळी पराभवाला खरोखरच किंमत होती. १९९५ पासून लॉटरी आली आणि हे गणित बदलले. सध्याच्या पद्धतीत बाद फेरी न गाठलेले १६ संघ लॉटरीत असतात, पहिल्या दोन क्रमांकांसाठी सोडत निघते, कोणताही संघ जास्तीत जास्त दहा जागा वर चढू शकतो आणि शेवटचा संघ तिसऱ्या क्रमांकाच्या खाली घसरत नाही. पहिली निवड मिळण्याची शक्यता शेवटच्या संघाला २५.५ टक्के, त्याच्या वरच्याला १३.५ टक्के आणि त्याच्याही वरच्याला ११.५ टक्के असते. म्हणजे लीगमध्ये सर्वांत वाईट खेळूनही चारपैकी सुमारे तीन वेळा पहिला क्रमांक दुसऱ्याच कोणाला तरी मिळतो, आणि तळापासून तिसऱ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरल्याचा मोबदला अवघा दोन टक्क्यांचा असतो.

ही आकडेमोड कोरडी वाटत असेल, तर २६ मार्च २०१५ ची बफेलोमधील रात्र आठवावी. बफेलो सेबर्स आणि ॲरिझोना कायोटीज हे लीगमधील सर्वांत तळाचे दोन संघ समोरासमोर होते. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये सर्वांना हवा असलेला तरुण खेळाडू कॉनर मॅकडेविड येणार होता आणि शेवटच्या संघाला किमान दुसरा क्रमांक, म्हणजे जॅक आयकल, निश्चित मिळणार होता. सामना ३-३ असा बरोबरीत जादा वेळेत गेला आणि ॲरिझोनाच्या सॅम गॅनियरने विजयी गोल केला, तेव्हा बफेलोच्याच प्रेक्षागारातून जल्लोष उठला. आपल्याच प्रेक्षकांनी आपल्या पराभवाला दिलेली ती दाद सेबर्सच्या खेळाडूंना झोंबली आणि त्यांनी ती नाराजी उघडपणे बोलून दाखवली. बफेलो शेवटचा आला. लॉटरी मात्र तळापासून तिसऱ्या असलेल्या एडमंटन ऑयलर्सने जिंकली आणि मॅकडेविड तिकडे गेला. बफेलोला आयकल मिळाला, हे खरे. पण ज्याच्यासाठी तो जल्लोष होता, तो खेळाडू आलाच नाही. २०१९-२० मध्ये डेट्रॉइट रेड विंग्जने ७१ सामन्यांत केवळ ३९ गुण मिळवले, लीगमध्ये शेवटचे स्थान गाठले आणि तेव्हाच्या नियमांनुसार ते चौथ्या निवडीपर्यंत घसरले.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे: तळाच्या क्रमांकाची आस धरायचीच असेल, तर ती हंगामातील इतर सामन्यांसाठी राखून ठेवावी, कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध निःशंकपणे विजय मागावा. एका पराभवाचा लॉटरीतील भाव इतका किरकोळ आहे, की त्यासाठी वर्षभर समोरच्या संघाच्या चाहत्यांचे टोमणे ऐकणे हा सरळ आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. २०२३-२४ च्या हंगामात कॅलिफोर्नियातील सॅन होजे शार्क्स ४७ गुणांसह तळाशी होता आणि त्याचा जुना वैरी ॲनाहाइम डक्स ५९ गुणांवर होता. शार्क्सला पहिली निवड मिळाली आणि मॅकलिन सेलेब्रिनी आला, डक्सने तिसरी निवड केली. बारा गुणांच्या त्या अंतरात दोघांमधील एखाद्या सामन्याच्या निकालाने काहीही बदलले नसते.

याच दोन संघांचे उदाहरण आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. त्यांचे वैर ते दुबळे असताना जन्मलेले नाही. २००९ मध्ये साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या शार्क्सला आठव्या मानांकनाच्या डक्सने पहिल्याच फेरीत घरी पाठवले, आणि २०१८ मध्ये शार्क्सने सलग चार सामने जिंकून त्याची परतफेड केली. सामन्याच्या आदल्या दिवशी अशा एक-दोन जुन्या मालिका वाचून काढाव्यात. बर्फावर उतरणाऱ्या विशीतल्या खेळाडूंना त्यांचे फारसे सोयरसुतक नसेलही. प्रेक्षागाराला मात्र असते, आणि पहिल्या जोरदार धडकेनंतर उठणारा आवाज तिथूनच येतो.

त्यानंतर दोन्ही संघ का हरत आहेत, याचा शोध घ्यावा. येथे दैव आणि दोष वेगळे करणे महत्त्वाचे असते. बर्फावर दोन्ही संघांचे समसंख्य खेळाडू असताना संघाचे किती टक्के शॉट गोलात जातात आणि त्याचा गोलरक्षक किती टक्के शॉट अडवतो, या दोन आकड्यांच्या बेरजेला ‘पीडीओ’ म्हणतात. संपूर्ण लीगसाठी ती बेरीज १०० असते आणि दीर्घकाळात बहुतेक संघ त्याच्या आसपास येतात. एखाद्या संघाची बेरीज ९७ असेल आणि तरी तो प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त व चांगल्या संधी निर्माण करत असेल, तर तो मुख्यतः दुर्दैवी आहे आणि कोणत्याही रात्री उसळून येऊ शकतो. बेरीज १०० असूनही तो हरत असेल, तर दुखणे खोलवर आहे असे समजावे. गोलरक्षकाचा वाटा स्वतंत्रपणे पाहावा. एका गोलरक्षकाची अडवण्याची टक्केवारी ९०.५ आणि दुसऱ्याची ८८.५ असेल, तर ३० शॉटमागे फरक ०.६ गोलांचा पडतो. एका गोलाने हरलेल्या सामन्यांची यादी समोर ठेवली की या फरकाचे मोल कळते.

सामन्याच्या दिवशी सर्वांत महत्त्वाची बातमी म्हणजे गोलरक्षक कोण उतरणार. प्रशिक्षक ते सांगण्याचे टाळत असला, तरी सकाळच्या सरावात जो गोलरक्षक आधी बर्फावरून बाहेर पडतो, तोच बहुधा रात्री खेळतो. संघ लागोपाठ दोन दिवस खेळत असेल, तर हा सराव अनेकदा रद्द होतो आणि दुसऱ्या दिवशी राखीव गोलरक्षक उभा राहण्याची शक्यता वाढते. मार्च महिना जवळ असेल, तर संघाबाहेर बसवलेल्यांची यादीही तपासावी. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत साधारणपणे मार्चच्या सुरुवातीला संपते, आणि तिच्या आधी एखादा तंदुरुस्त, अनुभवी, करार संपत आलेला खेळाडू अचानक बाहेर बसला, तर त्याचा सौदा ठरत आला आहे असे खुशाल समजावे.

सामना सुरू झाल्यावर पकच्या, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीच्या, मागे डोळे धावू न देता दुसऱ्या पिरियडची (६० मिनिटांच्या तीन समान भागांपैकी दुसऱ्याची) वाट पाहावी. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये संघाचा बाक त्याच्या बचावक्षेत्राच्या बाजूला असतो. दुसऱ्यात बाजू बदलतात आणि तो दूर जातो. एरवी खेळाडू चाळीस-पन्नास सेकंदांत बदलले जातात, पण आता दमलेल्या बचावपटूला बाकापर्यंत पोहोचायला अधिक अंतर कापावे लागते, आणि पक नीट बाहेर काढल्याशिवाय ते शक्य नसते. अशा वेळी त्या दोन बचावपटूंकडेच पाहावे: पाऊल जड होते, काठी दोन्ही हातांऐवजी एकाच हातात येते, गोलसमोरच्या फॉरवर्डला ढकलून हटवण्याऐवजी ते त्याच्या शेजारी नुसते उभे राहतात. घाईने पक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावला, तर ‘आयसिंग’ची शिट्टी होते, फेसऑफ, म्हणजे दोन खेळाडूंमध्ये पक टाकून होणारी फेरसुरुवात, पुन्हा त्यांच्याच गोलजवळ येतो आणि चूक करणाऱ्या संघाला खेळाडू बदलण्याची मुभा राहत नाही. दुबळ्या संघांना गोल पडतात ते बऱ्याचदा याच चक्रात, आणि यजमान संघाला शेवटी खेळाडू बदलण्याचा हक्क असल्यामुळे त्याचा प्रशिक्षक अशा क्षणी आपली सर्वांत ताजीतवानी फळी बर्फावर पाठवतो.

बरोबरीत आलेल्या तिसऱ्या पिरियडबद्दल फार अपेक्षा ठेवू नयेत. गुणांची गरज असलेले दोन्ही संघ एकेक गुण खिशात घालण्यासाठी सावध होतात. दोघांनाही गमावण्यासारखे काही उरले नसेल, तर उलट खेळ मोकळा होतो आणि हाणामाऱ्याही वाढू शकतात, अर्थात त्यासाठी संघ तळाशीच असावा लागतो असे नाही. १ फेब्रुवारी २०२० रोजी एडमंटन आणि कॅलगरी यांच्या सामन्यात दोन्ही गोलरक्षकच एकमेकांशी भिडले, तेव्हा दोन्ही संघ बाद फेरीच्या शर्यतीत होते. एका गोलाने मागे असलेला संघ शेवटची दोन-तीन मिनिटे उरली असता गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवतो. त्या वेळी पक कोणाकडे आहे यापेक्षा निळ्या रेषेवरचे, म्हणजे आक्रमणक्षेत्राच्या सीमेवरचे, दोन खेळाडू तो आत रोखून धरतात की नाही, हे पाहावे. जादा वेळेत, म्हणजे तीन विरुद्ध तीनच्या पाच मिनिटांत, खेळाडू पक घेऊन वारंवार मागे फिरतात. तो वेळकाढूपणा नसतो. समोरचे तिघे दमावेत आणि त्यांना बदलीची संधी मिळू नये, यासाठी पक जवळ ठेवला जातो.

निकाल लागल्यावर लगेच गुणतक्त्याकडे न वळता दोन्ही संघांतील तरुण खेळाडूंना किती मिनिटे मिळाली आणि सामना अटीतटीचा असताना प्रशिक्षकाने त्यांच्यावर भरवसा ठेवला का, एवढे पाहून घ्यावे. एकाच विभागातील संघ हंगामात अनेकदा भेटतात. पुढच्या भेटीची तारीख वेळापत्रकात शोधावी आणि ती अदलाबदलीच्या मुदतीच्या आधी येते की नंतर, हेही बघून ठेवावे, कारण नंतर असेल तर समोर उतरणारे संघ बहुधा हे नसतील.