काल्पनिक फळ आणि त्याभोवतीची संस्कृती रचताना या चुका टाळा

कथेतल्या जगासाठी फळ रचायला बसलं की बहुतेक जण रंग आणि चवीपासून सुरुवात करतात. निळी साल, रुपेरी गर, मधासारखा गोडवा. गाडी इथेच घसरते, कारण रंगातून रीत निघत नाही. ती निघते फळाच्या अडचणींतून. झाड किती वर्षांनी धरतं, हंगाम किती दिवसांचा, तोडलेलं फळ किती टिकतं, हे तीन आकडे कागदावर आल्याशिवाय सणावाराला हात घालू नका.

समजा, फळाचं नाव तोरवी. झाड १२ वर्षांनी धरतं, हंगाम ९ दिवसांचा, फळ तिसऱ्या दिवशी आंबतं आणि देठाच्या चिकाचा डाग नखांच्या कडेला महिनाभर राहतो. आता रिवाज आपसूक सुचतात. ते ९ दिवस भांडणतंटे, सोयरिकी सगळं बंद. पुढचा महिनाभर कोण राबलं ते नखांवरून कळतं, म्हणून सभेत बोलण्याआधी हात दाखवायचे. मग कोणीतरी नखांना खोटा रंगही लावणारच! एका डागातून शपथ निघाली, शिवी निघाली आणि फसवणूकही.

पिकण्याची तऱ्हा न ठरवणं ही चूक फार दिसते. केळं, आंबा तोडल्यावरही पिकतात; अ‍ॅव्होकॅडो तर झाडावर असेपर्यंत मऊच पडत नाही. द्राक्ष, स्ट्रॉबेरी मात्र तोडल्यावर आणखी पिकत नाहीत. पहिल्या तऱ्हेच्या फळाभोवती अढी, साठवण आणि लांबचा व्यापार उभा राहतो, तर दुसरीत राखण आणि तोडणीची घाई.

फळ परमुलखात नेलं आणि लगेच बहरलं, असंही लिहू नका. व्हॅनिलाची वेल मेक्सिकोबाहेर वाढायची, पण शेंगा क्वचितच धरायच्या. १८४१ मध्ये रेयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने हाताने परागीकरण करण्याची सोपी युक्ती शोधली, तेव्हा तिथली लागवड मार्गी लागली. बियांचंही तसंच. सफरचंदाची बी पेरून त्याच चवीचं झाड मिळत नाही, कलमच करावं लागतं. तुमच्या जगात कलम कोणाला येतं? सत्ता बहुधा त्याच घरात असेल.

सगळी माणसं फळावर सारखीच भक्ती करतात, हेही खोटं वाटतं. ज्यांच्याकडे झाड नाही, त्यांचं काय?

प्रसंग तरीही निर्जीव वाटला तर तोरवीच्या जागी साधं सफरचंद ठेवून वाचा. काहीच अडलं नाही, तर फळ नुसती सजावट आहे. अशा वेळी नवे विधी जोडत बसू नका. एक आकडा बदला. तोरवी ३ ऐवजी ३० दिवस टिकली, तर कोणाचा धंदा बुडेल ते लिहा. आंबलेल्या फळांची दारू गाळणारे पहिले ओरडतील.