प्रेशर वॉशिंग: कामं भरपूर, पण उरत काही नाही? सेवा निवडताना या चुका टाळा

मशीन रोज ओलं होतं, फोन वाजत राहतो, लान्स (पाणी मारायची लांब नळी) धरून हाताला मुंग्या येतात, आणि महिनाअखेरीस हिशेबाला बसलं की जेमतेम इंधन आणि केमिकलचा खर्च निघालेला दिसतो. प्रेशर वॉशिंगच्या, म्हणजे दाबाच्या पाण्याने धुऊन देण्याच्या, लहान धंद्यात असं झालं की पहिला विचार येतो तो दर वाढवण्याचा किंवा आणखी गिऱ्हाईक शोधण्याचा. माझ्या अनुभवात दुखणं बहुतेक वेळा तिसऱ्याच ठिकाणी असतं. आपण कोणती कामं घेतो आणि कोणती सोडतो, हे आपण कधी ठरवलेलंच नसतं. जे आलं ते घेतलं, एवढंच.

चूक पहिली: "सगळं करतो" असं सांगणं

अंगण, भिंत, कौलारू छप्पर, लाकडी डेक, गाड्या, हॉटेलच्या किचनमागची तेलकट फरशी, भिंतीवरची स्प्रेची चित्रं. कार्डावर ही यादी छान दिसते. पण यातल्या प्रत्येक कामाला वेगळं नोझल, वेगळं केमिकल, वेगळा दाब आणि वेगळी सवय लागते. तेलाला गरम पाणी हवं, शेवाळाला केमिकल हवं, लाकडाला हलका हात हवा. सुरुवातीला हे सगळं एका गाडीत भरून फिरणं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. प्रत्येक कामावर अर्धा तास "आता काय वापरू" यातच जातो, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे कुणी देत नाही.

दोन किंवा तीन सेवा निवडा, आणि त्या एकाच सेटअपवर होणाऱ्या असू द्या. माझ्या मते सुरुवात करणाऱ्यासाठी सर्वांत भरवशाची जोडी म्हणजे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉकची सपाट जागा आणि घराच्या बाहेरच्या भिंती. भिंतीला साबण-केमिकल लावून हलक्या दाबाने धुवायचं, त्याच भेटीत खालची फरशी सरफेस क्लीनरने (आत फिरता दांडा असलेली गोल तबकडी) धुऊन काढायची. मशीन तेच, पाइप तोच, गाडी एकदाच उभी करायची.

चूक दुसरी: बिलाकडे बघणं, तासांकडे न बघणं

लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे, म्हणून इथे जरा थांबतो. मोठं बिल म्हणजे मोठा नफा, हा समज या धंद्यात फार महागात पडतो.

दोन कामं घ्या. चलन कुठलंही असो, फक्त आकडे बघा. पहिलं काम जुन्या डागाळलेल्या उंच भिंतीचं. बिल १००, केमिकल आणि इंधन १५, उरले ८५. प्रत्यक्ष पाणी मारायला ३ तास लागले. पण सामान भरणं, जाणं, पाइप सोडणं, झाडं आणि विजेचे पॉइंट झाकणं, शेवटी सगळं गुंडाळून परत येणं धरलं तर ६ तास गेले. म्हणजे तासाला १४ च्या आसपास.

दुसरं काम साध्या अंगणाचं. बिल ६०, खर्च ६, उरले ५४. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत अडीच तास. तासाला साडेएकवीसपेक्षा थोडं जास्तच. आता त्याच गल्लीत शेजाऱ्याचंही तसंच अंगण मिळालं, तर दुसऱ्यासाठी दीड तास पुरतो, कारण प्रवास आणि सामान भरणं पुन्हा करावं लागत नाही. दोन्ही मिळून १०८ उरले, ४ तासांत. तासाला २७.

लहान कामं तासाला मोठ्या कामाच्या जवळपास दुप्पट देऊन गेली. म्हणून घड्याळ मशीन चालू करताना लावू नका, गाडीची किल्ली फिरवताना लावा. तासभर अंतरावरचं एकटंदुकटं काम म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ते घ्यायचंच असेल तर त्या भागात दुसरं काम मिळेपर्यंत थांबायला गिऱ्हाइकाला विचारा. बरेच जण आनंदाने थांबतात.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. दुसऱ्याचा प्रति चौरस फूट दर उचलून आपला लावला की फसगत होते. त्याच्याकडे दुप्पट पाणी फेकणारं मशीन असेल, तर त्याला जे एका तासात जमतं त्याला तुम्हाला दोन तास लागतील. दर त्याचा आणि तास तुमचे, हे गणित जुळत नाही.

चूक तिसरी: दाबाच्या मागे लागून पाण्याचा प्रवाह विसरणं

मशीन घेताना सगळे पीएसआय, म्हणजे दाबाचा आकडा, विचारतात. दाब घाण सुटी करतो हे खरं, पण सुटलेली घाण वाहून नेतं ते पाणी, आणि कामाचा वेग ठरवतं तेही पाणीच. सपाट काँक्रीटला साधारण २०० बार, म्हणजे २९०० पीएसआय, पुरेसे असतात. त्याच दाबावर मिनिटाला ७ लीटर देणारं मशीन आणि १५ लीटर देणारं मशीन यांच्या दिवसभराच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सरफेस क्लीनरची तबकडीही प्रवाहाला साजेशी हवी. १५ लीटरच्या मशीनला साधारण ५० सेंटिमीटरची तबकडी झेपते. तीच तबकडी ७ लीटरच्या मशीनला लावली तर आतला दांडा मंद फिरतो आणि फरशीवर गोल गोल रेघा राहतात. ओल्या फरशीवर त्या दिसत नाहीत, वाळल्यावर दिसतात. तोवर तुम्ही घरी पोचलेले असता. लान्सने मोठं अंगण धुणाऱ्यांच्या पट्ट्या पडतात त्याही अशाच, आणि पुन्हा जाऊन करावं लागणारं काम हे फुकटचंच काम.

पाणी येणार कुठून हेही काम ठरवतानाच बघा. साधी कसोटी आहे: १५ लीटरची बादली गिऱ्हाइकाच्या नळाखाली ठेवा. मिनिटात भरली नाही, तर १५ लीटरचं मशीन त्या नळावर थेट चालणार नाही. पंप हवा ओढेल आणि आतून झिजेल. मग मधली टाकी लागते, आणि १००० लीटरची टाकीसुद्धा या प्रवाहाने तासाभरात रिकामी होते. पाण्याची अडचण असलेल्या जागेचं काम त्या हिशेबाने सांगा किंवा सोडा.

चूक चौथी: जिथे केमिकलचं काम आहे तिथे दाब मारणं

भिंतीवर आणि छपरावर दिसणारं हिरवं-काळं हे बहुतेक वेळा शेवाळ, बुरशी आणि सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे सूक्ष्म जीव) असतं. ते जिवंत आहे. दाबाने वरचा थर उडतो, आत रुतलेला भाग जिवंत राहतो, आणि थोड्याच काळात सगळं परत उगवतं. गिऱ्हाईक म्हणतं, यांनी नीट धुतलंच नाही.

इथे सॉफ्ट वॉश लागतो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं (ब्लीचचं) पातळ मिश्रण, थोडा साबण, काही मिनिटांचा वेळ आणि नळाइतक्या हलक्या दाबाने धुणं. वेळ कमी लागतो, पृष्ठभाग सुरक्षित राहतो, परिणाम टिकतो. नफ्याच्या दृष्टीने मला ही सेवा सर्वांत वरची वाटते. पण तिच्यातही पैसे गळतात. पंपानंतर, पाणी बाहेर पडणाऱ्या बाजूला बसवलेला इंजेक्टर एक भाग केमिकलला साधारण दहा भाग पाणी मिसळतो, त्यामुळे १२ टक्क्यांचं द्रावण भिंतीवर पोचेपर्यंत जेमतेम १ टक्का उरतं. भिंतीला ते चालतं, छपराच्या जुन्या काळ्या डागांना कमी पडतं. "केमिकल काम करत नाही" असं वाटलं तर आधी हे तपासा. त्यानंतर केमिकल किती जुनं आहे ते बघा, कारण हायपोक्लोराइट उन्हात आणि उष्णतेत आपोआप कमजोर होतं. स्वस्त पडतं म्हणून मोठा ड्रम आणून महिनोन्‌महिने गच्चीवर ठेवला तर त्यात बचत काहीच नाही.

झाडं आधी भरपूर पाण्याने भिजवा आणि काम झाल्यावर पुन्हा धुवा. आणि ब्लीचच्या जवळ ॲसिड किंवा अमोनिया कधीही येऊ देऊ नका. ॲसिडबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. दोन्ही फुफ्फुसं जाळतात. गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात, म्हणून हे काम ब्लीचच्या कामाला जोडून कराल तर मधे जागा पूर्ण धुतलेली हवी. शक्य असेल तर वेगळा दिवसच ठेवा.

चूक पाचवी: एका नुकसानीची किंमत न धरणं

सुरुवातीच्या दिवसांत मी एक लाकडी डेक धुवायला घेतला. काँक्रीटचंच नोझल, तोच दाब. पाणी वाळल्यावर लाकडाचे तंतू उभे राहिलेले दिसले, जणू कुणी ब्रशने उलटं खरवडलंय. पुढचे दोन दिवस मी तो डेक घासून गुळगुळीत करून दिला, पदरचा सँडपेपर घालून. त्या एका कामाने आधीच्या पाच कामांची कमाई नेली. मऊ लाकडाला ५००-६०० पीएसआयच्या पुढे जायचं कारण नसतं, आणि नोझलही ४० अंशांचं, पांढरं, लाकडापासून अंतर राखून. लाल, शून्य अंशाचं नोझल मी आता गाडीत ठेवतच नाही.

म्हणून सेवा निवडताना एक प्रश्न विचारा: हे काम बिघडलं तर दुरुस्तीला काय लागेल? काँक्रीटवर रेघ राहिली तर पुन्हा धुता येतं. लाकूड, जुना रंग, मऊ दगड, दुहेरी काचांच्या खिडक्यांचे सील यांना परत फिरता येत नाही. भिंतीवर बोट घासून पांढरी भुकटी लागली तर रंग आधीच सुटत चाललाय, धुतल्यावर तो ठिपक्याठिपक्यांनी जाईल. हे गिऱ्हाइकाला काम सुरू करण्याआधीच दाखवा, फोटो काढा. विमा असेल तर पॉलिसी वाचा, कारण ज्या पृष्ठभागावर आपण काम करतोय त्याचंच नुकसान अनेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

काही कामं कितीही पैसे मिळत असले तरी घेऊ नका. ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असलेले जुने सिमेंटचे पत्रे दाबाने धुतले तर तंतू पाण्याबरोबर सगळीकडे पसरतात आणि वाळल्यावर हवेत जातात. शेवाळलेल्या ओल्या छपरावर चढून काम करायचं असेल तर तेही नको. जमिनीवरून किंवा योग्य सुरक्षासाधनं लावून जमत असेल तरच. सौर पॅनेलला अनेक उत्पादक जास्त दाब वापरू देत नाहीत, त्याला मऊ ब्रश आणि खनिजं काढलेलं पाणी लागतं. तो धंदा वेगळा आहे.

जोडसेवा: इथेही फसायला होतं

पेव्हर ब्लॉक धुतले की सांध्यांतली वाळू निघते. पुष्कळ जण ती फुकट भरून देतात, किंवा न सांगता तशीच सोडतात, मग ब्लॉक हलायला लागतात. वाळू भरणं ही वेगळी ओळ म्हणून कोटेशनमध्ये लिहा. चांगली कमाई देणारी जोडसेवा आहे ती. सीलर (फरशीवरचा संरक्षक लेप) लावण्यात कमाई आणखी जास्त दिसते, पण फरशी आतपर्यंत सुकल्याशिवाय तो लावता येत नाही. ओल अडकली की दुधी डाग पडतात. म्हणजे दुसरी फेरी आलीच, आणि तिचे तास दरात हवेत. नवं काँक्रीट असेल तर निदान २८ दिवस झाल्याशिवाय जोरदार दाब नको.

तेलाचे डाग "पूर्ण जातील" असं कधीही बोलू नका. काँक्रीट सच्छिद्र असतं, तेल आत उतरतं. "फिकट होतील" हे खरं आहे, आणि ते लेखी द्या.

वाहनांचे ताफे आणि दुकानांसमोरच्या जागा यांचं आकर्षण असं की काम दर महिन्याला परत येतं. मात्र दर कमी असतो, वेळ बहुधा रात्रीची असते, पैसे उशिरा येतात. शिवाय साबणाचं, तेलाचं पाणी पावसाच्या गटारात सोडायला बऱ्याच ठिकाणी कायद्याने बंदी असते. ते अडवून उचलायचा खर्च धरला नाही तर नियमित येणारं कामही नियमित तोट्याचं ठरतं.

वहीत काय लिहायचं

मागच्या वीस कामांची यादी काढा. प्रत्येकापुढे बिल, खर्च, घर ते घर एकूण तास, आणि पुन्हा जावं लागलं का, एवढंच लिहा. बिलातून खर्च वजा करून तासांनी भागा, आणि सेवेप्रमाणे वेगळं करा. पुन्हा जायला लागलेले तासही त्याच कामात मिळवा. खालच्या दोन सेवांचा दर वाढवा. वाढीव दराला गिऱ्हाईक मिळालं नाही, तर त्या आपोआप सुटतील.

वहीच्या शेवटच्या पानावर नाकारलेली कामंही लिहीत जा. कुणी विचारलं, काय विचारलं, कुठून विचारलं. समजा, गरम पाण्याने तेलकट फरशी धुण्याची चौकशी एकाच भागातून पुन्हा पुन्हा येतेय. तर गरम पाण्याचं मशीन लगेच विकत घेऊ नका. भाड्याने आणा, तीन कामं करा, बर्नरला लागलेलं डिझेल मोजा, आणि तासाचा आकडा अंगणाच्या कामाशेजारी लिहून बघा.