ऊसतोडीच्या गावात उन्हाळी माध्यम शिबिर कसे घ्यावे

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सामाजिक भान असलेल्या माध्यमनिर्मितीचे उन्हाळी शिबिर घ्यायचे ठरले, की आयोजक बहुधा कॅमेऱ्यांची आणि पाहुण्या व्याख्यात्यांची यादी करायला बसतात. त्याआधी गावांची यादी करावी. येथे उदाहरणादाखल बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय घेतले आहे, कारण दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, गावी परततात आणि मे महिन्यात माणसे घरी भेटतात. शिवाय वर्गात बसलेल्यांपैकी काहींचे आईवडील स्वतःच कोयता घेऊन जाणारे असतात. अशा विद्यार्थ्यांना विषयाची ओळख करून देण्याचा आव शिक्षकाने आणू नये.

तयारी एप्रिलमध्येच सुरू करावी लागते, आणि तिचे मुख्य कारण माहितीचा अधिकार हे आहे. २००५ च्या कायद्यानुसार जन माहिती अधिकाऱ्याला उत्तर देण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते, म्हणजे शिबिराच्या पहिल्या दिवशी केलेल्या अर्जाचे उत्तर शिबिर संपल्यावर हाती पडण्याची शक्यताच अधिक. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी असलेल्या गावातील हंगामी वसतिगृहात किती मुले दाखल होती आणि त्यावर किती खर्च झाला, एवढाच प्रश्न पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून विचारावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांच्या आत मांडावा लागतो. नेमका प्रश्न कसा विचारावा, याचे याहून चांगले प्रशिक्षण मिळणे कठीण आहे.

शिबिर साधारण तीन आठवड्यांचे ठेवावे, विद्यार्थी वीसपेक्षा अधिक घेऊ नयेत आणि चार-चार जणांचे गट पाडताना प्रत्येक गटात मुली असतील याची काळजी घ्यावी, कारण चुलीपाशी होणारे बोलणे ओट्यावर बसलेल्या मुलांच्या कानी पडत नाही. विषय शक्य तितका लहान निवडावा. ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या’ हा विषय नव्हे, ते भाषणाचे शीर्षक आहे. उचलीचा, म्हणजे मुकादमाने (मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराने) हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेचा, हिशेब घरात कोण ठेवते, घर बंद असताना मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे कोण पाहते, टोळीबरोबर गेलेली मुलगी परत आल्यावर कोणत्या इयत्तेत बसते, अशा एकेका प्रश्नावर पाच-सात मिनिटांची फिल्म किंवा ध्वनिकथा उभी राहू शकते.

पहिला आठवडा चित्रणाविना जाऊ द्यावा. विद्यार्थ्यांनी संध्याकाळी ऊन उतरल्यावर वही घेऊन जावे, बसावे, ऐकावे आणि परत आल्यावर ऐकलेले बोलणे शक्यतो त्याच शब्दांत लिहून काढावे. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल ठरते ती या जोडीची. हे एकदा नीट कळले, की बाईच्या कामाचे पैसे कोणाच्या हातात पडतात, हा पुढचा प्रश्न विद्यार्थ्यांना आपोआप सुचतो.

संमतीच्या बाबतीत मात्र घाई मुळीच चालत नाही. कागदावर अंगठा किंवा सही घेतली म्हणजे संमती मिळाली, असे समजणाऱ्या आयोजकांनी ऊसतोडीचे वेळापत्रक एकदा डोळ्यांसमोर आणावे: मे-जूनमध्ये कॅमेऱ्यासमोर मुकादमाविरुद्ध बोलणारे जोडपे पावसाळ्यात पुढच्या हंगामाची उचल बहुधा त्याच मुकादमाकडे किंवा त्याच्या ओळखीच्या माणसाकडे मागणार असते. म्हणून ‘तुमचे चित्रण करू का?’ एवढे विचारून थांबू नये. ही फिल्म गावात दाखवली जाईल, मोबाइलवर फिरेल आणि मुकादमही ती पाहील. तरी चालेल का, चेहरा दिसावा का, नाव घ्यावे का, हे सगळे स्वतंत्रपणे विचारावे आणि उत्तर तेथेच रेकॉर्ड करून ठेवावे. नवऱ्याने होकार दिला म्हणजे बायकोचाही मिळाला, असे धरू नये. तिला वेगळे, तो जवळ नसताना विचारावे.

काही विषय पहिल्यांदाच कॅमेरा धरणाऱ्यांच्या हाती देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समितीही नेमली. परंतु विषय महत्त्वाचा आहे म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलाने अनोळखी बाईला त्याबद्दल विचारावे, असे होत नाही. एखादी बाई आपणहून बोलली, तर केवळ आवाज घ्यावा आणि तोही वापरायचा की नाही, हे तिला नंतर पुन्हा विचारावे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंदी आहे, आणि ओळख केवळ नावावरून पटत नाही. घराचे दार, शाळेचा गणवेश किंवा भावाचा चेहरा तेवढ्यास पुरतो.

यंत्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर विद्यार्थ्यांचे मोबाइल पुरेसे आहेत. पैसे खर्च करायचेच असतील तर कॉलर माइकवर करावेत. चित्र थोडे हलले तरी प्रेक्षक सांभाळून घेतात, पण पंख्याच्या घरघरीत बुडालेले वाक्य कोणी दुसऱ्यांदा ऐकत नाही. मुलाखतीपुरता पंखा बंद करावा, पत्र्याच्या खोलीऐवजी झाडाखाली बसावे, वारा असेल तर माइकवर फोमची टोपी घालावी आणि बोलणे संपल्यावर कोणीही न बोलता त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करावा, कारण संकलनात दोन वाक्यांमधला सांधा त्यानेच बुजतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे काही ट्यूबलाइटच्या उजेडात सेकंदाला ३० फ्रेमवर घेतलेले चित्र लुकलुकते. अशा वेळी २५ फ्रेम आणि एक पन्नासांश सेकंदाचे शटर ठेवावे. मे महिन्यातील दुपारी मोबाइल तापून बंद पडतात आणि माणसेही बेजार होतात, म्हणून चित्रण सकाळी नऊपर्यंत उरकावे. दुपार भाषांतर, टिपणे आणि झोप यांसाठी ठेवावी.

संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा केडेनलाइव्ह चालते आणि आवाजासाठी ऑडॅसिटी पुरते. रोजचे चित्रण त्याच रात्री दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावे. तोपर्यंत मोबाइलमधील काहीही पुसू नये. बोलीतील वाक्ये प्रमाण मराठीत ‘सुधारून’ उपशीर्षके देण्याचा मोह टाळावा, आणि दुःखद प्रसंगाखाली बासरी वाजवण्याचा तर नक्कीच.

कच्ची फिल्म तयार झाली, की आधी बोलणाऱ्यांना त्यांच्या घरी दाखवावी, मगच शाळेच्या पटांगणात किंवा पारावर प्रोजेक्टर लावावा. घरच्या खेळात ‘हे वाक्य काढा’ असे कोणी म्हटले, तर ते काढावे, मग ते फिल्ममधले सर्वांत जोरकस वाक्य का असेना. यावर विद्यार्थी वाद घालतात, तो घालू द्यावा, पण निर्णय बदलू नये. टोळ्या पुन्हा बाहेर पडण्याआधी प्रत्येक कुटुंबाला त्याच्या फिल्मची प्रत मोबाइलवर द्यावी. मूळ चित्रण संमतीच्या नोंदींसह ग्रंथालयात ठेवताना कोणते बोलणे कोणत्या फाइलमध्ये आहे, याची यादी सोबत जोडावी, म्हणजे वर्षभराने कोणी संमती मागे घेतली तर तो भाग नव्या शिक्षकालाही शोधून काढता येईल.