पीजीच्या पोरांनो, मुक्त शैक्षणिक साहित्य उचलताना या चुका टाळा

एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, ५६ क्रमांकाच्या सिंचन प्रकाशनातला (१९९८) पीक गुणांकांचा (पिकाची पाण्याची गरज काढायला वापरायच्या आकड्यांचा) तक्ता आमच्याकडे दरवर्षी सेमिनारला हमखास येतो. आणि हमखास शीर्षक कापून येतो, कारण स्क्रीनशॉटमध्ये फक्त आकडे पकडलेले असतात. सगळ्या अटी त्या शीर्षकातच आहेत: पाण्याचा ताण नसलेलं, नीट निगा राखलेलं पीक, निमदमट हवामान, किमान आर्द्रता सुमारे ४५ टक्के, वारा सेकंदाला २ मीटर.

एका पोरानं ज्वारीचा मधल्या टप्प्याचा गुणांक, १.०० ते १.१०, थेट रब्बीला लावला आणि पाण्याची गरज दशांशापर्यंत काढून दाखवली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "काय रे, ही मालदांडी ज्वारी कॅनॉलवरची का ओलीवरची?"

"ओलीवरची, सर."

"मग एवढं पाणी तिला पाजलं कुणी?"

"नोट्समध्ये असंच आहे, सर."

नोट्स परराज्यातल्या, बागायती भागासाठी केलेल्या. आपली ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर निघते. दाणा भरताना रानाला भेगा पडलेल्या असतात. ताण गुणांक (पाणी कमी पडल्याचा हिशेब धरणारा आकडा) घातल्याशिवाय जो आकडा येतो तो पिकाची मागणी सांगतो, मिळालेलं पाणी नाही. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत सोलापूरची दुपारची हवा ४५ टक्क्यांहून बरीच कोरडी. ती दुरुस्ती करायचं सूत्रही त्याच प्रकाशनात आहे, फुकट. पण वाचायला कुणाला वेळ आहे? तयार पीपीटी पाहिजे!

युनेस्कोच्या २०१९ च्या शिफारशीत मुक्त साहित्याच्या व्याख्येतच बदल करून पुढे वाटायची मुभा आहे. आमची मंडळी वाटतात भरपूर, बदलत काही नाहीत. म्हणून उचललेल्या धड्यात आपल्या मातीची खोली, पाऊस, वाण, यातलं काहीतरी स्वतः घातल्याशिवाय मी ती फाइल उघडत नाही. कटकट्या म्हणतात, म्हणोत.

दुसरी चूक परवान्याची. फुकट उतरवता आलं म्हणजे वाट्टेल ते करा, असं नसतं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (मुक्त साहित्यावर लावायच्या तयार परवान्यांच्या) परवान्यात 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्ह्ज, बदल नको) ही अक्षरं दिसली, तर त्या साहित्याचं मराठी भाषांतर करून ग्रुपवर टाकता येत नाही. भाषांतर हाही बदलच. 'एसए' (शेअर अलाइक) असेल तर तुमची सुधारित प्रतही त्याच परवान्यानं द्यावी लागते. कृषिकोशावरचा (कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातला) प्रबंध वाचायला खुला आहे म्हणून त्यातली प्रकरणं उचलू नका. माझ्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर मूळ दुवा, परवाना, उतरवल्याची तारीख आणि मी काय बदललं, एवढं असतंच.

आयसीएआरचे (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे) पदवीसाठी बनवलेले ई-कोर्स उजळणीला उत्तम, पीजीच्या सेमिनारला अपुरे.

नुसता दुवा जपून ठेवू नका, फाइलही ठेवा. दुवे मरतात.

नुसती पीडीएफ पुढे पाठवू नका. मूळ वर्ड किंवा पीपीटी द्या, म्हणजे पुढच्या बॅचला दुरुस्ती करता येईल.