सागवान, बाभूळ आणि इपॉक्सी: बुद्धिबळाचा टेबल घरी कसा करावा

मधोमध पट, दोन्ही बाजूंना बाभळीची एकेक फळी आणि फळीच्या नागमोडी कडेपासून पटापर्यंतची फट इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळले की घट्ट होणारा माल) भरलेली, असा हा टेबल. एक घर ५.७ सेंटिमीटरचे धरा. पट साधारण ४६ सेंटिमीटरचा होतो आणि त्यावर स्पर्धेचे मोहरे नीट बसतात.

काळ्या घरांना सागवान, पांढऱ्यांना हळदू, म्हणजे फिकट पिवळे लाकूड. पडक्या घराची सागाची मयाल (तुळई) मिळाली तर तीच घ्या, इतके वाळलेले लाकूड आरा मशीनवर मिळत नाही. नवा साग पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका. बाभळीची फळी दीड इंच जाड फाडून आणा आणि मध्ये काड्या ठेवून वर्षभर सावलीत वाळवा. ओल १२ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. लाकूड पुढे आकसत जाते, घट्ट झालेले इपॉक्सी त्याच्यासोबत सरकत नाही आणि जोड सुटतो. "साल छान दिसते, राहू द्या" हा सल्ला ऐकू नका. इपॉक्सी सालीला धरते, पण साल लाकडाला धरत नाही.

पटासाठी चार सागाच्या आणि चार हळदूच्या पट्ट्या आलटून-पालटून चिकटवा, आडव्या कापा, एकाआड एक पट्टी उलटी फिरवून पुन्हा चिकटवा. साग तेलकट असतो, प्रत्येक वेळी चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा. मग पट आणि फळ्या रंधून अडीच सेंटिमीटरवर आणा.

साच्याला सनमायका लावलेला प्लाय, त्यावर पॅकिंग टेप, सांध्यांना सिलिकॉन. सिलिकॉन एक दिवस वाळू द्या. लाकूड इपॉक्सीपेक्षा हलके असल्याने तरंगते, म्हणून पट आणि फळ्या क्लॅम्पने तळाशी दाबूनच ठेवा.

आता ओतणे. टेबल बिघडतो तो इथेच.

आधी माल. दुकानदार विचारल्याशिवाय टेबलावर थर देण्याचे इपॉक्सी हातात देतो. ते एका वेळी तीन ते सहा मिलिमीटरपर्यंतच ओतायचे असते. अडीच सेंटिमीटरची फट त्याने एकदम भरली तर आत उष्णता कोंडते, धूर येतो, माल पिवळा पडतो आणि तडकतो. एकदम जाड ओतता येणारे 'डीप पोर' किंवा 'कास्टिंग' इपॉक्सी मागा आणि डब्यावर जाडीची मर्यादा वाचा. ४६ सेंटिमीटर लांब, सरासरी ५ सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर खोल अशा दोन फटींना सव्वा लिटरच्या आत माल लागतो. मुरणे-सांडणे धरून दीड किलो मिसळा.

रेझिन-हार्डनरचे प्रमाण डब्यावर लिहिलेलेच. ते वजनाने आहे की मापाने, हे आधी पाहा. वजनाने असेल तर डिजिटल काटा लागतोच. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवू नका, जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि टेबल कायमचा चिकट राहतो. पाच मिनिटे सावकाश ढवळा, दुसऱ्या भांड्यात ओता, पुन्हा ढवळा. पहिल्या भांड्याच्या कडांना न मिसळलेला माल राहतो. तो खरवडून साच्यात घालू नका.

ओतायचे संध्याकाळीच. सकाळी लाकूड तापत जाते, त्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि दिवसभर बुडबुडे येतात. संध्याकाळी लाकूड निवत असते, हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढले जाते. त्यातही आदल्या संध्याकाळी सगळ्या कडांना ब्रशने इपॉक्सीचा पातळ हात द्या. दुसऱ्या दिवशी २२० च्या पॉलिश पेपरने हलके खरडा, पुसा, मग ओता. हा हात टाळून नंतर तासभर ज्योत फिरवत बसण्यात अर्थ नाही. ज्योत वरचे बुडबुडे फोडते, लाकडातून येणारे थांबवत नाही.

विदर्भात मे महिन्यात हे काम नकोच. चाळीस अंशांवर माल भांड्यातच उकळायला लागतो. पावसाळ्यात दमट हवेने वर पांढरट, चिकट साय येते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारावर आला की माल घट्ट न होता नुसता पडून राहतो. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस किंवा फेब्रुवारी उत्तम. खोली मात्र कापसाची नको. तंतू उडून ओल्या थरात बसतात, आणि कापसाजवळ ज्योत पेटवणे म्हणजे घराला आग लावणे. तुरीचे खळे चालू असेल तर खिडक्या लावा आणि साच्यावर अंतर ठेवून प्लायचे झाकण घाला.

तीन दिवस हात लावू नका. नंतर रंधा, ८० पासून ३२० पर्यंत पॉलिश पेपर, नाकाला मास्क. इपॉक्सी हाताळताना नायट्रिलचे हातमोजे हवेतच, त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की ती जात नाही.

वर चकचकीत थर देऊ नका. दिव्याचा उजेड परततो आणि खेळणाऱ्याचे डोळे दुखतात. मॅट पीयूचे (बिनचमकीच्या पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन हात पुरेत. खालची फ्रेम बसवताना स्क्रूची भोके लांबट पाडा, लाकूड पावसाळ्यात फुगते. टेबल अंगणातल्या उन्हात ठेवू नका, इपॉक्सी पिवळे पडते.