वांशिक पूर्वग्रहाची सवय कशी मोडावी

‘मी सगळ्यांना सारखंच मानतो’ असं म्हणणाऱ्याचं स्वतःच्या वागण्याकडे लक्ष राहत नाही. नकळतचा पूर्वग्रह ही जडलेली सवय आहे असं धरून चाला. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया डिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला १२ आठवड्यांचा प्रयोग याच समजुतीवर उभा होता.

पहिला आठवडा फक्त नोंदींचा. वहीत तीन रकाने आखा: समोर कोण होतं, मनात काय आलं, आपण काय केलं. मणिपूरची मुलगी पुण्यात तुमचा फ्लॅट बघायला आली आणि तुम्ही आधी ‘कुठल्या देशाच्या?’ असं विचारलंत, तर तेच शब्द लिहा, तेही लगेच. रात्रीपर्यंत आठवण सोयीची होते.

नोंदींमधून वारंवार येणारा एकच प्रसंग निवडा आणि त्यासाठी जर-तरचं वाक्य तयार करा. ‘निःपक्ष राहीन’ हे वाक्य कुचकामी, कारण त्यात करायचं काहीच नाही. ‘भाडेकरूचा फोन आला, तर नोकरी, राहणारी माणसं आणि मुदत एवढंच विचारीन’ हे चालतं.

नको तो विचार आलाच तर दाबू नका. दाबलेला विचार जास्त जोराने उसळतो. ‘हा ठोकळेबाज समज’ असं मनात म्हणा आणि त्या माणसाबद्दल नक्की ठाऊक असलेल्या तीन गोष्टी आठवा. तीन सापडत नसतील, तर मत बनवायला तुमच्याकडे काही नाही. ‘हे सगळे सारखेच दिसतात’ याचं मोठं कारण सरावाचा अभाव. नावं नीट उच्चारून चेहऱ्यांशी जोडत गेलं की फरक दिसू लागतो.

ओळखी वाढवा, पण बरोबरीच्या नात्याने: एकाच संघात, एकाच कामावर. मोमोच्या गाडीवरची देवाणघेवाण यात धरू नका.

मुलाखती घेत असाल, तर अर्ज उघडण्याआधी निकष आणि त्यांचे गुण लिहून ठेवा. नंतर ठरवलेले निकष आवडत्या उमेदवाराच्या मापाने शिवले जातात. प्रश्न सर्वांना तेच; गुण प्रत्येकाने आधी स्वतंत्र द्यायचे, मग चर्चा.

ही सवय एका दिवसाच्या कार्यशाळेत मोडत नाही. मानसशास्त्रज्ञ केल्विन लाय आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली नकळतचा पूर्वग्रह कमी करण्याचे नऊ झटपट उपाय तपासले. परिणाम काही तासांत किंवा दिवसांत विरला. शिवाय असा पूर्वग्रह मोजणाऱ्या संगणकावरच्या चाचणीतला आकडा सुधारला म्हणजे वागणूक सुधारली असं नाही. म्हणून वहीत नकाराच्या कारणाचा चौथा रकाना आखा आणि दर तीन महिन्यांनी निर्णय मोजा: किती जणांनी घर किंवा नोकरीसाठी विचारलं, कोणाला नकार गेला, वहीत कारण काय लिहिलंय. कारणाचा रकाना कोरा असलेले नकार आधी तपासा.