शुद्ध आहे, पण भान नाही: वॉर्डात कुठला शब्द कधी वापरायचा

सोलापुरात तीस वर्षं वॉर्डात काढली. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोनदा नव्या नर्सिंगच्या मुलींना मराठी शिकवायला जाते. पेशंटशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलायला लागते तेवढी मराठी. निम्म्या मुली केरळच्या, काही कलबुर्गीकडच्या, दोघी-तिघी पूर्व भागातल्या, म्हणजे घरी तेलुगू बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी मी त्यांना "शुद्ध आहे का?" हा प्रश्न शिकवते. दुसऱ्या दिवशी शिकवते की तेवढ्यानं भागत नाही. का भागत नाही, ते मला एका आजींनी शिकवलं.

अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून पहाटे आजोबांना घेऊन आल्या होत्या. नवी मुलगी ड्युटीवर. तिनं विचारलं, "आजी, बाबांना शुद्ध आहे का?" आजी म्हणाल्या, "सुद हाय की. डोळे उघडेच हायेत. पर भान न्हाई बगा." मुलीनं कागदावर लिहिलं, पेशंट शुद्धीवर आहे, आणि पुढच्या पेशंटकडे वळली. मी पलीकडच्या खाटेशी होते. "पर भान न्हाई" हे माझ्या कानावर पडलं म्हणून मागे फिरले. आजोबा खरंच टक्क डोळे उघडे ठेवून पडले होते, अंगाला दरदरून घाम, आणि गोधडीची कड चिमटीत धरून एकेक टाका उसवत होते. मी विचारलं, "बाबा, ही कोण?" आजींकडे बघून म्हणाले, "तलाठी." रात्री इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि जेवले नव्हते. बोट टोचून साखर बघितली तर ४१. सत्तरच्या खाली गेली तरी आपण कमी म्हणतो. शिरेतून ग्लुकोज गेलं, आणि दहा मिनिटांच्या आत आजोबांनी आजींना विचारलं, "बैलांला पानी दावलंस का?" आजी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आलं, भान आलं."

आजींना दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी माहीत होते. मुलीनं दोन्ही एकाच खान्यात टाकले.

तर फरक असा धरा. शुद्ध एकटी उभी राहते: आहे किंवा गेली. भान कशाचं तरी असतं. वेळेचं भान, जागेचं भान, समोर कोण आहे त्याचं भान, अंगावरच्या कपड्याचं भान. म्हणून कुणी "भान नाही" म्हटलं की लगेच विचारायचं, "कशाचं भान नाही?" उत्तरात अर्धं निदान असतं.

दोन्ही शब्दांना कुठली क्रियापदं लागतात ते पाठ करून घ्या, चूक होणार नाही. शुद्ध हा नाम म्हणून स्त्रीलिंगी: शुद्ध गेली, शुद्ध हरपली, शुद्ध आली, पुढं प्रत्यय लागला की शुद्धीवर, शुद्धीत. (तूप शुद्ध असतं, लेखन शुद्ध असतं, तो शब्द विशेषण. त्याचा उलटा अशुद्ध. आपला उलटा बेशुद्ध.) भान नपुंसकलिंगी: भान राहिलं नाही, भान सुटलं, भानावर आला. शिवाय भान ठेवता येतं, राखता येतं. "बोलताना भान ठेव" असं आई म्हणते. "शुद्ध ठेव" असं कुणी कुणाला म्हणत नाही, कारण ती आपल्या हातात नसते. एवढी एक कसोटी लावली तरी मुलींच्या नव्वद टक्के चुका संपतात.

एक सावधगिरी. भान हरपणं दर वेळी वाईट नसतं. पालखीत नाचणारा वारकरी देहभान विसरतो, तेव्हा ते कौतुकानं सांगतात. आणि बेभान हा शब्द पेशंटसाठी अजिबात वापरू नका. बेभान म्हणजे आवेगात असलेला, बेभान होऊन नाचला, बेभान गाडी हाकली. एका मुलीनं "बेशुद्ध"च्या चालीवर "तुमचे वडील बेभान आहेत" असं सांगितलं, तर मुलाला वाटलं वडिलांनी वॉर्डात काही दांडगाई केली. भान नसलेला माणूस बहुतेक वेळा गप्पच असतो, आणि गप्प असतो म्हणूनच नजरेतून सुटतो.

आपापल्या भाषेतून शब्द आणताना तर फारच जपायचं. मल्याळममध्ये शुद्धीला बोधम् म्हणतात. मराठीत बोध म्हणजे गोष्टीतून घेतात तो. "यांना बोध नाही" म्हटलं तर घरचे बघतच राहतील. कन्नडमध्ये प्रज्ञे तप्पितु म्हणजे शुद्ध गेली. आपली प्रज्ञा म्हणजे बुद्धी, थोरामोठ्यांची. तेलुगूत शुद्धीला स्पृह, आणि मराठीत स्पृहा म्हणजे इच्छा, हाव. तिन्ही शब्द संस्कृतातून आलेले, लिहायला जवळपास सारखेच, म्हणूनच फसवतात. उर्दू-हिंदी बोलणाऱ्या घरातून "होश नहीं है" आलं तर मात्र एकदा उलटून विचारा, कारण होशमध्ये शुद्ध आणि भान दोन्ही येतात.

आता विचारायचं कसं. पुस्तकात लिहिलेलं असतं, तारीख विचारा. आमच्याकडच्या आजोबांना इंग्रजी तारीख बऱ्याचदा चांगल्या तब्येतीतही सांगता येत नाही. ती आली नाही म्हणून भान गेलं असं लिहू नका. मी विचारते: "आज वार कुठला? तुमच्या गावचा बाजार कधी असतो? गड्डा होऊन गेला का यायचाय?" सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संक्रांतीला असते, हे सोलापूर भागातल्या माणसाला झोपेत विचारलं तरी येतं. मग जागा: "आपण आत्ता कुठं आहोत?" घर म्हणाले तर नोंद करा. मग माणूस: "ही कोण तुमची?" नाव विसरलं तरी चालेल, नातं चुकलं तर डॉक्टरांना बोलवा. आणि घरच्यांना एक प्रश्न न चुकता: "हे असं कधीपासून? काल संध्याकाळी भान होतं का?" वर्षभरात हळूहळू विसरायला लागलेला माणूस वेगळा, आणि कालपर्यंत हिशोब करणारा माणूस आज सुनेला आई म्हणतो तो वेगळा. दुसऱ्याच्या मागे काहीतरी चालू असतं: रक्तातली साखर किंवा मीठ कमी होणं, लघवीचा जंतुसंसर्ग, डोक्याला मार, झटका, किंवा दारू अचानक बंद झाल्याचा दुसरा-तिसरा दिवस. म्हातारी माणसं दुपारी नीट बोलतात आणि दिवेलागणीला भान सुटतं, असंही होतं. घरचे त्याला "वातात बडबडतोय" म्हणतील. ते ऐकून सोडून देऊ नका.

कागदावर मोजतानाही हा फरक दिसतो. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली आणलेली शुद्धीची मोजपट्टी आपण रोज वापरतो: डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण १५, आणि सगळ्यात कमी ३. अक्कलकोटचे आजोबा त्यावर १४ भरले असते. डोळे पूर्ण उघडे, हात उचला म्हटलं की उचलत होते, फक्त बोलणं भरकटलेलं म्हणून एक गुण कमी. १५ पैकी १४ बघून कोण घाबरेल? पण त्या एका गुणात त्यांचा जीव होता. विलायतेत २०१७ साली पेशंटच्या धोक्याची गुणपद्धत सुधारली, तेव्हा नव्यानं आलेल्या गोंधळलेपणाला वेगळं स्थान दिलं, आणि त्याला धोक्याचे एकदम तीन गुण. आजींचं "पर भान न्हाई" तेच आहे.

बाकीचे शब्द थोडक्यात सांगते. ग्लानी तापातली किंवा अशक्तपणातली. हाक मारली की डोळे उघडतो, परत मिटतो. गुंगी औषधाची. झापड झोपेची, पण डोक्याला मार लागल्यावर कुणी "नुसती झापड येतेय" म्हणालं तर उठवून बघायचं. भूल आपण देतो, आणि ती उतरते. घरच्यांना "भूल उतरतेय" सांगा, "शुद्धीवर येतोय" सांगितलं तर आधी बेशुद्ध का झाला म्हणून घाबरतात. चक्कर हा फार सैल शब्द आहे, घेरी येणं आणि कोसळून पडणं दोन्हीला वापरतात. विचारा, "पडल्यावर शुद्ध होती का? किती वेळ नव्हती?"

आणि जाणीव. अर्ध्या, म्हणजे कमरेखालच्या भुलीनंतर "पायाला जाणीव आली का?" विचारतो, तिथं ती स्पर्शाची. पण पेशंट घरी जाताना हात जोडून म्हणाला, "सिस्टर, तुमची जाणीव आहे आम्हाला," तर तो उपकार लक्षात ठेवल्याचं सांगतोय. एक मुलगी तेव्हा त्याचा पाय तपासायला वाकली होती. असं म्हणाला की नुसतं "काळजी घ्या बाबा" म्हणायचं.

ड्युटी बदलताना "कॉन्शस आहे" एवढ्यावर थांबू नका. मी मुलींकडून असं म्हणवून घेते: "खाट नंबर सात. शुद्ध आहे, हाक मारली की बघतात. मुलीला ओळखतात. जागेचं भान नाही, घरीच आहोत म्हणतात. संध्याकाळी सहापर्यंत होतं. साखर बघितली, एकशे दहा. डॉक्टरांना कळवलंय."